आरोहीचा पहिला बस्ता

कळंबच्या बाजारपेठेत कापडाची दुकानं पायलीची पन्नास. पण लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की अर्ध्या तालुक्याचे पाय शिवशंकर आप्पांच्या दुकानाकडेच वळतात. बस्ता म्हणजे नुसती लग्नाच्या कापडाची खरेदी असं ज्याला वाटतं, तो आयुष्यात एकदाही बस्त्याला बसलेला नाही असं खुशाल समजावं. दोन्हीकडची माणसं पांढऱ्या गादीवर समोरासमोर बसतात, चहा येतो, हसणं-खिदळणं होतं, आणि मग कुणाच्या मावशीला कसलं लुगडं यावरून असे रुसवेफुगवे सुरू होतात की लग्न मोडायचंच तेवढं बाकी राहतं. नवरीचा शालू नवऱ्याकडच्यांनी घ्यायचा. नवऱ्याचा पोशाख आणि विहिणीची मानाची साडी नवरीकडच्यांनी. म्हणजे प्रत्येकाच्या पैशावर समोरच्याचा डोळा! अशा वेळी दुकानदार कापड कमी विकतो आणि भांडणं जास्त मिटवतो.

मधेच काही बिनसलं आणि पाहुणे अर्धा बस्ता टाकून उठले तर तो मोठा अपशकुन. लग्नघराला तर लागतोच, पण दुकानालाही लागतो. त्या हंगामात मग दुसरी वऱ्हाडं त्या दुकानाच्या पायऱ्या चढत नाहीत.

हे सगळं मंजुषाला माहीत नव्हतं असं नाही. तिचा स्वतःचा बस्ता याच गादीवर बांधला होता. पण माणूस शिकवायला लागला की त्याला पुस्तकातलं तेवढंच आठवतं, जगलेलं आठवत नाही. ही खोड सगळ्याच मास्तरांना असते, तिलाही होती.

मंजुषा मॅडम कळंबहून अर्ध्या तासावरच्या एका गावात हायस्कूलला रिटेल हा विषय शिकवायची. नववी-दहावीच्या मुलांना दुकानातलं काम शिकवायचं: माल कसा मांडायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, बिल कसं करायचं. गावात या विषयाची यथेच्छ टिंगल झाली होती. "साडी दाखवायला शाळा कशाला लागती?" असं पारावरचे लोक म्हणायचे, आणि तेच लोक दुकानात गेल्यावर नोकर धड बोलला नाही म्हणून तणतणत बाहेर पडायचे. मंजुषा कुणाशी वाद घालत बसली नाही. वर्गात बाकांची गादी केली, पोरींना घरून आईच्या साड्या आणायला लावल्या, आणि स्वतः खट गिऱ्हाईक होऊन त्यांच्यापुढे बसली. पोरी तयार झाल्या. पण पोहणं काही फळ्यावर शिकता येत नाही. पाण्यात उतरायला खरं दुकान हवं होतं.

तिथेच घोडं अडलं. बाजारपेठेत ती दुकानोदुकानी हिंडली. सगळ्यांनी चहा पाजला, "लई चांगलं काम करता मॅडम" म्हटलं, आणि पोरांना घेऊ पण पोरींचं जमायचं नाही असं सांगून वाटेला लावलं. शेवटी आप्पाच राहिले. त्यांच्या उंबऱ्यावर तिने इतक्यांदा चपला झिजवल्या की एके दिवशी आप्पाच कंटाळले.

"एक पोरगी पाठवा," ते म्हणाले. "नववीची परीक्षा झाली की सुट्टीत. पर ऐका मॅडम, एक जरी तक्रार आली गिऱ्हाइकाची, तर पुन्हा तुमच्या शाळेची पोरगी ह्या दुकानात न्हाय. आन् म्या न्हाय म्हणलं की पेठेत कुणीच व्हय म्हणत नस्तंय, ठावं हाय तुमाला."

ठाऊक होतं. म्हणून तर तिने पुष्कळ विचार करून आरोही देवकतेला निवडलं. आरोहीचा बाप, महारुद्र, मेंढरं राखायचा. आई हरणाबाई दुसऱ्यांच्या रानात जायची. पोरगी वर्गात काही पहिली-दुसरी नव्हती. पण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. बाकीच्या पोरी पुस्तकातली वाक्यं आठवत छताकडे बघायच्या आणि ही गिऱ्हाइकाकडे. मंजुषाला वाटलं, हीच. आणि आता तिच्यामागे वर्गातल्या सगळ्या पोरींचं नशीब टांगलेलं होतं. आरोही टिकली तर त्यांना दार उघडं, नाहीतर बाकांची गादी आणि आईच्या साड्या, तेवढ्यावरच समाधान.

पहिले काही दिवस आरोहीने घड्या घातल्या, पाणी दिलं, रोजच्या वापरातल्या साड्या दाखवल्या. साड्यांच्या विभागातले जुने नोकर दगडूमामा तिच्यावर खूश होते. आणि नेमके दगडूमामाच भावकीतल्या एका दहाव्याला गेले, त्याच दिवशी बस्ता आला. आप्पांना गुडघ्यांमुळे गादीवर मांडी घालता येत नव्हती. ते गल्ल्यावरून हलायचे नाहीत. दुसरा नोकर पोशाखाच्या विभागात अडकलेला.

"आरोही," आप्पांनी हाक मारली, "विहिणीच्या साडीपास्नं चालू कर. म्या बघतो हितनं."

मंजुषा त्या दिवशी पोरीची चौकशी करायला सहज म्हणून आलेली. ती गादीच्या कडेला एका खांबाला टेकून बसली. वऱ्हाडाला ती दुसरं गिऱ्हाईक वाटली, आणि तिनेही तसंच वाटू दिलं.

नवरीचा बाप उत्तरेश्वर भाऊ म्हणजे पांढराशुभ्र सदरा आणि तेवढाच कडक ताठा. शेजारी त्याची बायको विठाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. समोर नवऱ्याची आई मथुराबाई. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या दोन जावा, चौकीदारासारख्या.

आरोहीने नमस्कार केला, पाणी दिलं, गोड हसली. मंजुषाचा ऊर भरून आला. अगदी शिकवल्याप्रमाणे! मग आरोहीने अगदी शिकवल्याप्रमाणे पुढचंही विचारलं.

"काका, विहीणबाईंच्या साडीसाठी तुमचं बजेट किती हाय?"

दुकानातला पंखा तेवढा फिरत राहिला. बाकी सगळं थांबलं.

पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकाचं स्वागत करा, गरज विचारा, बजेट विचारा. कुठल्या तरी मोठ्या शहरात कुणीतरी थंड हवेच्या खोलीत बसून लिहिलेलं असणार. त्याला विहीण नसावी. व्याह्याच्या तोंडावर व्याह्याचा खिसा उघडून दाखवायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो असलं वाक्य लिहिणारच नाही. आणि मंजुषाने ते वाक्य फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून, पोरींकडून तीनतीनदा म्हणून घेतलं होतं. आता तिला ती रेघ आठवली आणि कानशिलं तापली.

मथुराबाईने जावांकडे बघितलं. जावांनी पदर तोंडाला लावला.

"सांगा की वो भाऊ," मथुराबाई म्हणाली. "पोरगी इचारतीया. आमालाबी कळू द्या, आमची किंमत किती केली ते."

उत्तरेश्वर भाऊचा चेहरा विटेसारखा लाल झाला. "किंमत?" तो म्हणाला. "बजेटबिजेट काय न्हाय. ए पोरी, दुकानातली सगळ्यात भारी साडी काढ. दर बघू नगंस!"

विठाबाईचं बोट पदरात गुंडाळलेलं होतं ते तसंच राहिलं. नवऱ्याला कोपर मारावं तर समोर विहीण, न मारावं तर पुढचे सगळे मानपान आहेतच, करवल्या आहेत, आत्या आहेत, माम्या आहेत. एकीला सगळ्यात भारी दिली की बाकीच्यांनाही त्याच मापानं द्यायला लागणार. बिचारी नुसती आप्पांकडे बघत राहिली. आणि जावांपैकी एक, आवाज खाली न आणता, म्हणाली, "वैनी, उठू या का? समोरच्या दुकानात बघू. हितं लई इचारपूस हाय."

उठू या का! आप्पांनी गल्ल्यावरून मंजुषाला खूण केली. ती जवळ गेली.

"मॅडम," ते दातातल्या दातात बोलले, "तुमच्या पोरीनं भर उन्हाळ्यात दुकानाला कुलूप लावायची येळ आणली. उठवा तिला. पोशाखावरच्या गड्याला बसवतो."

मंजुषाने वळून बघितलं. आरोही अजून गादीवरच होती. रडत नव्हती. तिची नजर मथुराबाईवरून विठाबाईकडे गेली, तिथून उत्तरेश्वर भाऊकडे, आणि पुन्हा मागे फिरली. ती तोंडं वाचत होती. मंजुषाला वाटत होतं, आत्ता जाऊन तिच्या शेजारी बसावं, आपण बोलावं, सगळं सावरून घ्यावं. चूक तर आपलीच आहे. पण आपण जाऊन बसलो की पोरगी ह्या गादीवरून कायमची उठली, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"आप्पा," ती म्हणाली, "चूक मी शिकवली. पण सांडलंय तिच्या हातनं, तिलाच भरू द्या. थोडं थांबा."

"आन् वराड उठलं तर?"

"तर पुन्हा मी तुमच्या दारात पोरगी घेऊन येणार नाही. शब्द देते."

वर्गातल्या सगळ्या पोरींना न विचारता त्यांची पुढची वाट तिने पणाला लावली होती. आप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, पण गड्याला हाक मारली नाही.

तोवर आरोही उठली होती. तिने विहीणबाईपुढे जाऊन सरळ हात जोडले.

"मावशी, म्या नवीन हाय. बस्त्याला पयल्यांदाच बसले. बस्त्यात पैसं इचारायचं नस्तंय, मन बघायचं अस्तंय, हे मला उमजलं न्हाय. चूक माजी हाय, काकांची न्हाय. तुमी रागं भरा मला, पर उठू नका."

मथुराबाई जरा गडबडली. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळालं नाही की त्याची अशी पंचाईत होते. "बरं बरं," ती म्हणाली. "काढ आता साडी."

मंजुषाला वाटलं, आता पोरगी मधल्या दराची काहीतरी काढेल आणि भाऊ पुन्हा भडकेल. पण आरोहीने मुकाट्याने कपाटाच्या वरच्या फळीवरची, खरोखरच सगळ्यात भारी साडी काढली. गर्द जांभळी, पदर जरीच्या मोरांनी ठासून भरलेला. जावांच्या तोंडून आवाज निघाला. उत्तरेश्वर भाऊची मान आणखी ताठ झाली आणि विठाबाईने डोळे मिटून घेतले.

"मावशी, हितं लाइटात रंग कळत न्हाय," आरोही म्हणाली. "दारात उन्हात चला. नीट बघू."

दारात उन्हात नेऊन साडी बघायची इथली पद्धतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आरोहीने ती साडी मथुराबाईच्या दोन्ही खांद्यांवरून पूर्ण पसरली, पदर पाठीवर सोडला, निऱ्यांचा सगळा भार तिच्या हातात दिला आणि तिला पायरीवर उभं केलं. एप्रिलातलं कळंबचं ऊन! कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती.

"शोभती की वो," आरोही म्हणाली. "लगीन कवा हाय मावशी?"

"मे म्हयन्यात. दुपारचा मुहूर्त."

"कार्यालयात का?"

"कशाचं कार्यालय! दारात मांडव घालणार हाय. आमच्यात पयल्यापास्नं दारातच अस्तंय."

"मग वराड आलं-गेलं, पंगत, आहेर... समदं कोण बघणार?"

"म्याच की! ह्यांच्यानं काय व्हतंय?" जावांकडे हात करून मथुराबाई म्हणाली. हात उचलला आणि साडीचा भार पुढे घसरला, तो तिला सावरायला लागला. तोवर तिच्या कपाळावरचा घाम नाकावर आलेला. मान तिने दोनदा इकडेतिकडे केली. जरीच्या धाग्यांनी गळ्याला काचायला सुरुवात केली होती.

आरोही नुसती साडीची कड नीट करत राहिली, सावकाश, आणखी थोडा वेळ. गल्ल्याशेजारी उभ्या मंजुषाला हसू फुटायला लागलं. अरे देवा, ही पोरगी!

"पदराचं वज्जं किती हाय बघा की," आरोही मग म्हणाली. "अशी साडी नेसून बाई पाटावर बसती, फोटु काढून घेती. पर वरमाय बसून ऱ्हायली तर कार्य कोण हलवायचं?"

"काढ गं बाई ही!" मथुराबाई म्हणाली. "माजी मान तुटाया लागली. मेली टोचती कशी!"

आत आल्यावर आरोहीने दुसरी साडी काढली. तोच जांभळा रंग, तसाच मोरांचा पदर, पण अंगाला मऊ आणि उचलायला हलकी. दर पहिलीच्या निम्म्यानेही नव्हता, आणि ती गोष्ट तिने तोंडातून काढली नाही. शिवाय यावेळी तिने साडी स्वतः पसरली नाही. तिने घडी तशीच्या तशी विठाबाईच्या मांडीवर ठेवली.

"काकू, मानाची साडी हाय. तुमीच घाला विहीणबाईंच्या खांद्यावर. तुमच्या हातानं."

विठाबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होती, ती उठली. तिने साडीची घडी मोडली, मथुराबाईच्या खांद्यावर पदर टाकला, आणि टाकता टाकता तिच्या केसातला विस्कटलेला गजराही नीट केला. दोघी बायका एकमेकींच्या इतक्या जवळ त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या. मथुराबाईने आरशात बघितलं, विहिणीकडे बघितलं.

"हीच," ती म्हणाली. मग उत्तरेश्वर भाऊकडे वळून तिने त्याला चांगलंच झापलं. "आन् तुमी वो भाऊ, उगं भारी भारी म्हणून हट्ट धरू नका. आमाला कार्य करायचंय, बोहल्यावर न्हाय बसायचं. हीच साडी घेनार म्या, दुसरी घेतली तर नेसायची न्हाय!"

उत्तरेश्वर भाऊने जरा वेळ आढेवेढे घेतले. घ्यायलाच लागतात. "तुमच्या मनाला वाटंल तसं," असं मोठ्या मनानं म्हणाला, आणि हळूच सदऱ्याची वरची गुंडी काढून भला मोठा श्वास सोडला. त्याची मान खाली गेली नाही, खिसाही फाटला नाही, वर विहिणीचा शब्द राखल्याचं पुण्य मिळालं ते वेगळंच. मंजुषाचा जीव भांड्यात पडला.

पुढचा बस्ता मग लोण्यातून सुरी फिरावी तसा झाला. जावांना विहिणीच्या साडीच्या बेतानं साड्या निघाल्या, करवल्या खूश झाल्या, शालूसाठी मथुराबाईने स्वतः हात सैल सोडला. उन्हं कलली तेव्हा गाठोडं बांधलं. विठाबाईने त्याला हळदकुंकू वाहिलं, वर नारळ ठेवला. बस्ता पुरा झाला.

जाताना मथुराबाई आरोहीपुढे थांबली. तिच्या हनुवटीला हात लावून विचारलं,

"कुणाची गं तू?"

आपल्याकडे हा प्रश्न साधा नसतो. एवढ्या दोन शब्दांत गाव, घर, भावकी, बाप, सगळं विचारून होतं, आणि पंधरा वर्षांची पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत बापाचं नाव पुटपुटते. आरोहीने मान वरच ठेवली.

"महारुद्र देवकत्यांची," ती म्हणाली. बापाचं नाव तिने चांगलं खणखणीत घेतलं. मग म्हणाली, "पर मावशी, दुकानात आल्यावर आबांचं नाव घिऊन कुणाला कळायचं न्हाय. आरोहीला बोलवा म्हणा. साड्या मीच दाखविते."

हे वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं. मंजुषाने ते फळ्यावर लिहिलं नव्हतं, कुणाकडून म्हणून घेतलं नव्हतं. आज सकाळी त्या पोरीकडेही ते नसणार.

"सुट्टी संपल्यावर आलात तर मातुर नसंल ती," गल्ल्यावरून आप्पांचा आवाज आला. "शाळा हाय तिला. दिवाळीत या. दिवाळीच्या सुट्टीत असती ती हितं." मग नोटा मोजण्याचं सोंग करत, मंजुषाकडे न बघता, ते म्हणाले, "आन् मॅडम, येताना तिच्यासंगं आनिक दोघी-तिघी आणा. एकटीवर किती वज्जं टाकायचं?"

"आणते," मंजुषा म्हणाली. तिला अभिमान वाटत होता, भरभरून, निर्लज्जपणे, आपल्याच पोटच्या पोरीचा वाटावा तसा. ती आरोहीला काहीतरी सांगायला पुढे झाली. शाबास म्हणायला, पाठीवरून हात फिरवायला.

पण आरोहीचं लक्षच नव्हतं. दारात एक म्हातारी नातीला घेऊन उभी होती, आत यावं की नको अशा विचारात. आरोही मॅडमच्या शेजारून तशीच पुढे गेली आणि म्हातारीच्या हातातली पिशवी घेतली.

"या आज्जी, आत या. लई ऊन हाय. आधी पाणी घ्या, मग बघू कुणाला काय पायजे ते."

मंजुषाने पुढे केलेला हात मागे घेतला, पर्स खांद्याला लावली आणि आरोहीला वाट देण्यासाठी बाजूला सरकली.